ठरावीक मिनिटाची गाडी : स्वित्झर्लंडचे रेल्वे वेळापत्रक आणि लहान गावे

१. प्रश्न काय आहे?

तुम्ही एखाद्या लहान गावाहून रोज रेल्वेने शहरातल्या कॉलेजात येत असाल, तर तुमच्या गाडीचा कमाल वेग किती हे बहुधा तुम्हाला ठाऊक नसेल. सकाळची गाडी चुकली तर पुढची किती वाजता, आणि जंक्शनवर उतरल्यावर दुसरी गाडी किती वेळाने मिळते, हे मात्र पाठ असेल. लहान गावाच्या प्रवाशाचा दिवस या दोन आकड्यांवर ठरतो. रेल्वेच्या इतिहासाची पुस्तके मात्र इंजिने, पूल, बोगदे आणि वेगाचे विक्रम यांनीच भरलेली असतात.

या टिपणात आपण वेळापत्रकाचा इतिहास पाहणार आहोत. उदाहरण स्वित्झर्लंडचे घेऊ. क्षेत्रफळाने हा देश केरळपेक्षा थोडासाच मोठा आहे. तेथे एका पिढीच्या काळात आधी वेळापत्रक ठरवून मग त्याला लागतील तेवढेच रूळ बांधले गेले. अभियांत्रिकीत आपण सहसा याच्या उलट क्रमाने जातो.

२. १९८२ पूर्वीची स्थिती

त्या काळी युरोपातील बहुतेक देशांत गाड्या आजच्या आपल्यासारख्याच धावत. एक गाडी ७:१२ ला, पुढची ८:४७ ला, नंतर दुपारपर्यंत काहीच नाही. प्रत्येक गाडीचे वेळापत्रक स्वतंत्रपणे आखलेले असे. महामार्ग वाढले, मोटारी स्वस्त झाल्या आणि १९७० च्या दशकात स्विस रेल्वे तोट्यात गेली. मोटार कधीही निघते, तिला वेळापत्रक नसते. तिच्याशी स्पर्धा करायची तर गाडीही जवळपास ‘कधीही’ मिळायला हवी होती.

नेदरलँड्सने १९७० साली आपल्या देशभरच्या गाड्या ठरावीक अंतराने आणि एकमेकींना जोडून चालवायला सुरुवात केली होती. ते पाहून स्विस रेल्वेतल्या काही तरुण अभियंत्यांनी स्वतःच्या देशासाठी तसा आराखडा करायला घेतला. सॅम्युअल श्टेली, हान्स माइनर आणि ज्याँ-पिएर बेर्तुझो ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्या गटाला ‘वेड्यांचा क्लब’ अशा अर्थाचे नाव पडले होते. त्यांचा आराखडा १९७२ साली पुढे आला आणि प्रत्यक्षात यायला दहा वर्षे लागली. २३ मे १९८२ रोजी देशभर ठरावीक अंतराचे वेळापत्रक लागू झाले. आता मुख्य मार्गांवर दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी मिळू लागली. ८:१२ ची गाडी चुकली, तर ९:१२ ची मिळणार. वेळापत्रकाचे पुस्तक उघडण्याची गरज उरली नाही.

३. तालाचे गणित

दर तासाला गाडी असली, तरी जंक्शनवर पुढची गाडी लगेच मिळेलच असे नाही. तिथे खरे गणित सुरू होते.

समजा, एका मोठ्या स्थानकात सर्व दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या जरा आधी येतात आणि ठोक्यानंतर लगेच निघतात. मग कोणत्याही गाडीतून कोणत्याही गाडीत काही मिनिटांत जाता येईल. अशा स्थानकाला आपण ‘गाठ’ म्हणू. शेजारच्या दोन्ही स्थानकांवर गाठ बसवायची असेल, तर त्यांच्यामधला प्रवास एका तासापेक्षा थोडा कमी हवा. तो अर्ध्या तासापेक्षा थोडा कमी असेल, तर दुसऱ्या स्थानकावर गाठ अर्ध्या तासाला पडेल. जाळ्यात बंद वळसा असेल, तर त्यावरील सर्व वेळांची बेरीजही, थांबे धरून, पूर्ण तासांत यावी लागते. एका बाजूची वेळ चुकली की सगळा वळसा बिघडतो.

आता एक सोडवलेले उदाहरण पाहा. बर्न ते झ्युरिक प्रवास पूर्वी ६९ मिनिटांचा होता. बर्नहून ८:०२ ला निघालेली गाडी झ्युरिकला ९:११ ला पोचेल. समजा, झ्युरिकहून एका लहान गावाला जाणारी गाडी दर तासाला ५ मिनिटांनी सुटते. ९:०५ ची गेली, आता १०:०५ ची वाट पाहायची. म्हणजे ५४ मिनिटे फलाटावर. आता बर्न-झ्युरिक प्रवास ५६ मिनिटांचा झाला असे धरा. गाडी ८:५८ ला पोचेल आणि सात मिनिटांत पुढची गाडी मिळेल. धावण्याचा वेळ वाचला १३ मिनिटे, पण लहान गावाच्या प्रवाशाचा वाचला पूर्ण एक तास.

हेही लक्षात घ्या की ५६ ऐवजी ४५ मिनिटांत गाडी नेली असती, तर त्या प्रवाशाला फक्त अकरा मिनिटे अधिक थांबावे लागले असते. वेग वाढवण्याचा खर्च झाला असता आणि त्याच्या पदरी काहीच पडले नसते. म्हणूनच स्विस नियोजनाचे सूत्र असे झाले की गाडी शक्य तितकी वेगवान नको, गरजेपुरती वेगवान हवी.

४. लोकांनी काय निवडले?

१९७० च्या दशकात दुसरा एक प्रस्ताव चर्चेत होता. देशाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत आणि बाझेलकडून बर्नकडे वेगवान गाड्यांसाठी नवे मुख्य मार्ग बांधायचे. त्याला अनेक भागांतून विरोध झाला. आक्षेप साधा होता. पैसा सगळ्यांचा, आणि लाभ मार्गावरच्या मोजक्या शहरांचा.

पुढे आलेल्या ‘रेल्वे २०००’ या योजनेने उलटे वचन दिले. मोजक्या ठिकाणी नवे रूळ, तेही गाठी जुळवण्यापुरते, आणि देशभर अधिक गाड्या व चांगली जोडणी. ६ डिसेंबर १९८७ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ५७ टक्के मते योजनेच्या बाजूने पडली. आपला प्रवास सुधारेल असे डोंगरातल्या गावालाही सांगता येत होते. रेल्वे स्थानकाबाहेर उभी राहणारी पिवळी टपाल-बसही त्याच तालावर धावणार होती.

१२ डिसेंबर २००४ रोजी योजनेचा पहिला टप्पा पूर्ण झाला. बर्न-झ्युरिक मार्गावर मॅटश्टेटन ते रोथरिस्ट हा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग सुरू झाला आणि त्याच दिवशी देशातील बहुतेक गाड्यांच्या वेळा बदलल्या. बाझेल, बर्न आणि झ्युरिक या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू आता एका तासाच्या आत आल्या होत्या.

लहान गावांचे काय झाले? जलद गाड्या नव्या मार्गावर गेल्याने बुर्गडॉर्फ, लांगेनथाल अशा गावांतून जाणाऱ्या जुन्या मार्गावर जागा मोकळी झाली. ती स्थानिक गाड्या आणि मालगाड्यांना मिळाली. झोलोथुर्नसाठी नव्या मार्गाला वेगळा फाटा जोडला गेला.

५. किंमत कोणी दिली?

हा इतिहास फक्त यशाचा म्हणून वाचू नका. नवा मार्ग ज्या शेतांमधून गेला, तिथे तीव्र विरोध झाला होता. खर्चाचे अंदाज फुगत गेल्यावर योजना टप्प्यांत विभागावी लागली. मूळ चार नव्या मार्गांपैकी फक्त बर्न-झ्युरिकचा पूर्ण झाला. फ्रेंच भाषक पश्चिम भागातला मार्ग बाजूला पडला. त्याऐवजी जुरा पर्वताच्या पायथ्याच्या जुन्या मार्गावर वळणांत झुकणाऱ्या गाड्या आणल्या. त्यामुळे बर्न-लोझान अंतर तासापेक्षा थोडे अधिकच राहिले आणि लोझानला पूर्ण गाठ बसली नाही. त्या भागात ही तक्रार अजून ऐकू येते. काही मिनिटे कमी पडली की एक आख्खा प्रदेश तालाबाहेर राहतो.

६. आपल्यासाठी

हे वेळापत्रक जसेच्या तसे भारतात आणता येणार नाही. आपल्या अंतरांना तासांचे नव्हे, रात्रीचे माप लागते. मेल, पॅसेंजर आणि मालगाडी एकाच रुळावर धावतात. जलद गाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर लूपवर उभी राहते, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्या वेळी किंमत कोण देतो, तेही तुम्हाला माहीत आहे.

तरीही दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली, भारतीय रेल्वेने २०२० मध्ये वेळापत्रक शून्यापासून नव्याने आखण्याचे काम हाती घेतले आणि त्यात आयआयटी मुंबईचे साहाय्य घेतले. लहान स्थानकांवरचे थांबे कमी केले की लांबच्या गाड्या वेगवान होतात. पण तो थांबा गेला, तर त्या गावाला जंक्शनपर्यंत नेणारी जोडणी कोणती, हा हिशेबही त्याच कागदावर मांडला पाहिजे. दुसरी, पूर्व आणि पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गांमुळे जुन्या रुळांवरच्या मालगाड्या कमी होतात. बुर्गडॉर्फच्या मार्गासारखीच जागा आपल्याकडेही मोकळी होते आहे. तिथे आणखी एक लांबची जलद गाडी घालायची, की जिल्ह्याच्या ठिकाणाहून दर तासाला सुटणारी साधी गाडी, हा निर्णय तांत्रिक वाटतो. खरे तर तो कोणाच्या वेळेला किती मोल द्यायचे याचा निर्णय आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या जंक्शनवर येणाऱ्या-जाणाऱ्या दिवसभरातील गाड्यांच्या वेळा लिहून काढा. दोन वेगळ्या दिशांच्या गाड्या बदलताना सरासरी किती थांबावे लागते?

२. त्यातील एका गाडीचा प्रवास किती मिनिटांनी कमी केला, तर थांबण्याचा वेळ सर्वांत जास्त घटेल?

३. त्याच गाडीचे दोन थांबे रद्द करून तेवढीच मिनिटे वाचत असतील, तर तुम्ही तो मार्ग स्वीकाराल का? त्या दोन गावांतल्या प्रवाशाच्या बाजूने उत्तर लिहा.