काळ्या मोटारीची झळाळी आणि जांभ्याची धूळ

बिदरहून हुमनाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर हळ्ळीखेड (बी) हे गाव लागते. बिदरचे पठार गोव्याप्रमाणेच जांभ्याचे. ते उतरले की काळी राने आणि उसाचे फड सुरू होतात. या वाटेने दिवसभर फिरलेली काळी मोटार संध्याकाळी दारात उभी राहते ती मातकट होऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी कोरडे फडके घेऊन ती दोन मिनिटांत पुसून काढतो. काळ्या रंगाची झळाळी जाते ती बहुतेकदा याच दोन मिनिटांत.

पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे मोटारीचे आवरण असते. या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चकाकी या वरच्या थराची असते. थर गुळगुळीत असेल तर समोरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार टक्के भाग तो आरशासारखा सरळ परत पाठवतो. पांढऱ्या मोटारीत खालचा रंगही भरपूर प्रकाश उधळतो, त्यामुळे बारीक ओरखडे त्यात बुडून जातात. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळून टाकतो आणि डोळ्यांना दिसतो तो फक्त पृष्ठभाग, त्याच्या सगळ्या चऱ्यांसह. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती खरे तर वर्तुळे नसतातच. चरे सर्व दिशांना पडलेले असतात; प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडवे असलेले तेवढे चमकतात.

बिदरी काम करणाऱ्या कारागिरांना हे गुपित वेगळ्या अंगाने ठाऊक आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदीचे जडावकाम झाले की बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने धातू काळा केला जातो. चांदी मात्र उजळच राहते. शेवटी तेलाचा हात फिरला की करडा काळा एकदम गडद होतो, कारण पृष्ठभागाचा बारीक खरखरीतपणा तेलाने भरून निघतो. मोटारीवर रॉकेल किंवा डिझेलचे फडके फिरवणाऱ्यांना हाच क्षणिक चमत्कार दिसतो. पण ते तेल धूळ धरून ठेवते आणि दारांच्या रबरी पट्ट्या खराब करते. बिदरी भांडे कपाटात बसते, मोटार रस्त्यावर धावते.

जांभ्याच्या धुळीत लोहाचे ऑक्साइड असते आणि रस्त्यावरच्या धुळीत गारेचे कणही मिसळलेले असतात. गंमत अशी, की हेच लोह-ऑक्साइड अतिशय बारीक करून काच आणि दागिने घासण्यासाठी वापरत आले आहेत. फरक कणाच्या आकाराचा. म्हणून पहिला नियम एकच: धूळ पुसायची नाही, पाण्याने सोडवायची. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, भरपूर पाणी मारावे, मग मोटारीच्या शाम्पूत भिजवलेल्या मायक्रोफायबरच्या हातमोज्याने टपापासून खाली यावे. मोजा विसळायला दुसरी, साध्या पाण्याची बादली हवी. चिखलाचा खालचा पट्टा आणि चाके शेवटी. भांड्यांचा साबण मेणाचा थर उतरवतो, म्हणून तो टाळलेला बरा. बोअरचे पाणी जड असेल तर थेंब वाळू देऊ नयेत, कारण काळ्यावर क्षारांचे डाग सर्वांत आधी उमटतात. दसऱ्याला बॉनेटवर बांधलेल्या झेंडूच्या माळेची तार हेही ओरखड्यांचे एक कारण. माळ सुतळीत ओवलेली असावी.

धुतल्यावरही पृष्ठभागावरून बोट फिरवताना खरखर जाणवली, तर चिकटलेले कण निसरड्या द्रवासह क्ले बारने काढले जातात. त्यानंतर येते पॉलिश, आणि इथे हात आखडता घ्यावा लागतो. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट घासून खाली आणते. कंपाउंडचा एक जोरदार फेरा काही मायक्रॉन खाऊ शकतो, आणि कडा व उंचवट्यांवर थर आधीच पातळ असतो. त्यामुळे जाणता कारागीर आधी जाडी मोजण्याच्या यंत्राने जागोजागी नोंद घेतो, कडांवर चिकटपट्टी लावतो, हातभर जागेत मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने चाचणी करतो आणि त्याने भागले नाही तरच पुढची पायरी चढतो. नखाला अडकणारा चरा तसाच सोडणे शहाणपणाचे. जुन्या अँबॅसिडरसारख्या गाडीवर पांढरे फडके काळे झाले, तर तिच्यावर क्लिअर कोट नाही, रंगच निघतो आहे, हे ओळखावे.

काम झाल्यावरची पहिली चमक फसवी असू शकते. काही लेपांतील तेले चरे तात्पुरते बुजवतात आणि दोन-तीन धुण्यांत ते पुन्हा वर येतात. ताबा घेण्यापूर्वी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून तो मोबाइलच्या टॉर्चखाली पाहावा. वर संरक्षण म्हणून मेण लावले तर ते काही आठवडे टिकते. सिरॅमिक कोटिंग नीट निगा राखल्यास वर्षभर किंवा अधिक. त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजणीतला आहे, दगडांच्या नव्हे. गारेचा कण त्यालाही चरा पाडतो.

क्लिअर कोट एकदा घासून संपला की पॉलिशने तो परत येत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो, आणि जुनी गाडी विकताना रंगवलेला दरवाजा जाडीच्या यंत्रावर लगेच कळतो. हुमनाबादच्या रस्त्यावरून रोज येणाऱ्या गाडीसाठी म्हणून दोन बादल्या आणि एक हातमोजा हा खर्च आधी करावा, मशीन पॉलिशचा विचार वर्षाकाठी.