मापाची नोंद आणि स्पर्शाचा हक्क

वास्तू पडली की तिचा इतिहासही संपला, असे आजवर मानले जात होते. गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाने या समजुतीला तडा दिला आहे. आज जमिनीवर उभी नसलेली वास्तू जुन्या छायाचित्रांतून पुन्हा मोजता येते, तिची प्रतिकृती घडवता येते, आणि ज्याला दृष्टी नाही अशा माणसाच्या हाताखालीही ती ठेवता येते. ज्यांचा इतिहास वारंवार पाडला आणि गाडला गेला, त्या समाजाने याकडे केवळ विज्ञानाची करामत म्हणून पाहून चालणार नाही. यातून आपल्या पदरी काय पडते आणि काय निसटते, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

त्यासाठी बामियानचे उदाहरण घ्यावे. अफगाणिस्तानातील या खोऱ्यात, डोंगराच्या उभ्या कड्यात, सहाव्या-सातव्या शतकात दोन बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. एक 55 मीटर उंच, दुसरी 38 मीटर. सभोवती शेकडो गुंफा, विहार, भित्तिचित्रे. ह्युएन त्संग इ.स. 630 च्या सुमारास तेथून गेला. 1969 ते 1977 या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी या मूर्तींची डागडुजी केली होती. मार्च 2001 मध्ये तालिबानने तोफा आणि सुरुंग लावून त्या उडवल्या. कड्यात उरले ते दोन रिकामे कोनाडे.

त्यानंतर झ्यूरिक येथील तंत्रविद्यापीठात मोठ्या मूर्तीची संगणकीय पुनर्रचना झाली. तिचे तत्त्व साधे आहे. एकच बिंदू दोन वेगवेगळ्या जागांवरून टिपलेल्या छायाचित्रांत दिसत असेल, आणि कॅमेऱ्याच्या जागा काढता येत असतील, तर त्या दोन दृष्टिरेषा जेथे छेदतात तेथे तो बिंदू असतो. असे लक्षावधी बिंदू जुळवले की मूर्तीचा पृष्ठभाग उभा राहतो. या कामाला तीन प्रकारची छायाचित्रे होती : इंटरनेटवर सापडलेली, प्रवाशांनी हौसेने काढलेली, आणि रॉबर्ट कोस्टका या ऑस्ट्रियन संशोधकाने 1970 साली मोजणीच्याच हेतूने काढलेली. सर्वांत भरवशाची ठरली ती कोस्टकाची. तरीही बुद्धाच्या चीवराच्या बारीक चुण्या यंत्राला नीट वाचता आल्या नाहीत. त्या माणसाने एकेक करून मोजून भरल्या. मग यंत्राने कोरून 1:200 प्रमाणाची प्रतिकृती तयार झाली आणि स्वित्झर्लंडमधील अफगाण संग्रहालयात गेली. 55 मीटरचा बुद्ध वीतभराहून थोडा मोठा झाला. पुढे 2016 साली टोकियोच्या कला विद्यापीठाने लहान मूर्तीच्या माथ्यावरील नष्ट झालेले छतचित्र जुन्या छायाचित्रांवरून मूळ आकारात पुन्हा घडवले.

यातून पहिला निष्कर्ष असा निघतो की, जे आधी मोजले गेले तेच परत मिळते. 1970 साली कोणी त्या कड्यासमोर मोजणीचा कॅमेरा लावला नसता, तर 2001 नंतरचा संगणक आंधळाच राहिला असता. आणि कोणाचे मोजायचे, हे नेहमी कोणीतरी ठरवत असते.

बामियानच्या खोऱ्यात हजारा समाज राहतो. शतकानुशतके तुच्छ लेखला गेलेला, काबूलमध्ये हमाली आणि मोलमजुरीवर ढकलला गेलेला हा समाज. मूर्ती उडवण्यापूर्वी दोनच महिने, जानेवारी 2001 मध्ये, त्याच प्रांतातील यकावलंग येथे हजारांची कत्तल झाली होती. मूर्तींसाठी जगभर आक्रोश झाला. या माणसांसाठी तेवढा झाला नाही. हे लोक मुसलमान असूनही त्या दोन मूर्तींना त्यांनी सलसाल आणि शहमामा अशी नावे दिली होती, त्यांच्या प्रेमाची कहाणी रचली होती. सुरुंग भरायला तेथल्याच कैद्यांना जुंपण्यात आले. संगणकाच्या त्या प्रतिकृतीत चुण्यांचे माप आहे; या माणसांचे कोठेच नाही. वारसा परत आणण्याच्या भाषेत वारशाशेजारी जगणारा माणूस किती सहज गळून पडतो, हे दलित वाचकाला वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातील अमरावतीच्या स्तूपाची गोष्टही याच जातीची आहे. कृष्णेच्या काठचा हा महास्तूप अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराने बांधकामाच्या दगडांसाठी खणायला घेतला. कॉलिन मॅकेन्झी 1816 साली पुन्हा तेथे गेला आणि त्याच्या चमूने शिल्पांची चित्रे काढली. पुढे शिल्पे मद्रास आणि लंडन अशी वाटली गेली, आणि 1880 साली उरलासुरला ढिगाराही सरकारी हुकमाने उपसला गेला. आज स्तूपाची मूळ मांडणी जुळवायची तर त्या चित्रांवाचून गत्यंतर नाही. बौद्ध वारसा दगडांच्या खाणीसारखा वापरला गेला, आणि त्याची नोंद परक्या सत्तेच्या दप्तरात राहिली. हा योगायोग नव्हे. ज्या समाजाने त्या वास्तूला आपले म्हटले असते, तो इतिहासातून आधीच हद्दपार झाला होता.

आता स्पर्शाचा प्रश्न. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 साली अंध व्यक्तींसाठी एक दालन सुरू झाले. तेथे निवडक वस्तूंच्या 22 प्रतिकृती आहेत, ब्रेलमधील माहिती आहे, आणि त्यांना हात लावायचा आहे. संग्रहालय म्हटले की 'हात लावू नका' ही पाटी आलीच. येथे ती उलटली. अंध माणसाला दूर ठेवणारी काच आणि अस्पृश्याला दूर ठेवणारे धर्मशास्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. परंतु स्पर्श हाही ज्ञानाचा आणि हक्काचा मार्ग आहे, हे आपल्याइतके कोणाला कळणार? 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तहान भागवणे एवढाच त्याचा अर्थ नव्हता.

म्हणूनच सावधही राहिले पाहिजे. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात बसलेल्या सत्याग्रहींना कोणी रामाची सुबक प्रतिकृती देऊ केली असती, तर ती त्यांनी घेतली नसती. त्यांची मागणी समान हक्काची होती. प्रतिकृती ही मूळ वास्तूकडे जाणारी पायरी असेल तर तिचे स्वागत. मूळ वास्तूचा दरवाजा बंद ठेवण्याची ती सबब होत असेल तर तिला नकार दिला पाहिजे. अंध माणसाला दालनात वीतभर स्तूप द्यायचा आणि खऱ्या स्तूपाकडे जाणारी वाट त्याच्यासाठी कधी करायचीच नाही, हा न्याय नव्हे.

आता आपल्या अंगणात या. 25 जून 2016 च्या पहाटे मुंबईत दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले; त्याबरोबर बाबासाहेबांच्या चळवळीशी जोडलेला बुद्धभूषण छापखानाही गेला. समाज रस्त्यावर उतरला, आणि ते योग्यच झाले. पण गावोगावचे महारवाडे, मांगवाडे, गिरणगावातील चाळींच्या खोल्या, धर्मांतरानंतर वर्गणी काढून बांधलेली पहिली विहारे यांची मापे कोणाजवळ आहेत? कलावास्तूंच्या याद्यांत त्यांना जागा नाही, कारण त्यांत शिल्प नाही. त्यांत आहे ती आखडलेली जागा, गावकुसाबाहेरचे अंतर, वेगळा पाणवठा. हे अंतर पावलांनी मोजता येते, आणि ते मोजले जाणे हाच पुरावा आहे.

बामियानला हौशी प्रवाशांची छायाचित्रेही उपयोगी पडली. आपल्या घरांतील लग्नाच्या, जयंतीच्या, मिरवणुकीच्या छायाचित्रांतही मागे भिंती उभ्या आहेत. ती गोळा करावीत, साल आणि जागा मागे लिहावी. जे अजून उभे आहे ते आज हातातल्या फोनने, चारी बाजूंनी, एकमेकांवर चढणाऱ्या छायाचित्रांत टिपावे; शेजारी मीटरची एक काठी उभी करावी, म्हणजे प्रमाण कळेल. जोडीला तेथे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, नाहीतर हजारांसारखी आपलीही माणसे मापातून गळतील. मग त्यावरून बोटांना वाचता येईल असे नमुने करावेत : आधी अख्ख्या गावाचा उठावाचा नकाशा, नंतर वाडा, नंतर एक घर. गाव आणि वाडा यांमधली मोकळी जागा बोटाखाली आली, की जातिव्यवस्था म्हणजे काय हे अंध विद्यार्थ्यालाच नव्हे, डोळस विद्यार्थ्यालाही समजेल.

या कामाला कोणाच्या अनुदानाची वाट पाहायचे कारण नाही. पुढच्या पाडापाडीची तारीख आपल्याला आगाऊ कळणार नाही. मोजणी मात्र तिच्या आधीच झालेली असली पाहिजे.