मक्याची भाकर आणि पेलाग्रा

मनुष्यानें काय खावें व काय खाऊं नये, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें, असें आपण नेहमीं म्हणतों. कोणी आजारी पडला कीं, त्याच्या खाण्यापिण्याची व निजण्याउठण्याची चौकशी प्रथम होते; आणि त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु ताटांत जें पडतें, तें सर्वस्वीं खाणाराच्या इच्छेनें पडतें काय? हा प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण भागांत विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत फार तीव्रतेनें पुढें आला. त्या अवधींत तेथें एका रोगानें सुमारें एक लाख माणसें मृत्युमुखीं पडलीं, असा अंदाज आहे. त्या रोगाचें नांव पेलाग्रा.

रोग नवा नव्हता. स्पेनमधील अस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ मध्येंच त्याची लक्षणें टिपलीं होतीं. पुढें इटलींत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हें नांव मिळालें. ऊन वाढूं लागलें कीं, रोग्याच्या हातापायांवरील व गळ्याभोंवतींची कातडी भाजल्यासारखी लाल होई; मग अतिसार लागे, पुढें बुद्धि भ्रमिष्ट होई आणि पुष्कळांचा शेवट मृत्यूंत होई. गरीब लोक जेथें मक्यावर पोट भरीत, तेथें हा रोग ठाण मांडी. परंतु मका हें ज्यांचें मूळचें अन्न, त्या मेक्सिकोंतील लोकांस त्याचा असा उपद्रव नव्हता. तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत व रात्रभर तसाच ठेवून मग वाटीत. मक्यांत जखडून राहिलेलें एक पोषक द्रव्य त्या चुन्यानें मोकळें होतें. युरोपियनांनीं मका समुद्रापार नेला. ही रीत मात्र मागेंच राहिली.

अमेरिकेंत या रोगाचा मोठा बोभाटा १९०६ सालीं झाला. अलाबामा संस्थानांतील वेड्यांच्या एका इस्पितळांत ८८ जणांस पेलाग्रा झाला व त्यांपैकीं ५७ दगावले. पांचसात वर्षांत दक्षिणेंतील कापसाच्या मुलखांत तो जिकडे तिकडे दिसूं लागला. रोग सांसर्गिक असावा, असें पुष्कळ डॉक्टरांचें मत पडलें. साहजिकच लोक रोग्यांपासून दूर पळूं लागले. कित्येक ठिकाणीं परिचारिकाही त्यांस शिवण्यास तयार होईनात. दारिद्र्याच्या जोडीला बहिष्कार आला.

१९१४ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें हें काम डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांजकडे सोंपविलें. गोल्डबर्गर यांचा जन्म हंगेरीच्या राज्यांतील. लहानपणींच आईबापांबरोबर ते न्यूयॉर्कला आले व किराणा मालाचें दुकान चालविणाऱ्या घरांत वाढले. इस्पितळें व अनाथालयें हिंडत असतां एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. रोग्यांत राबणाऱ्या नोकरांपैकीं कोणासही हा रोग होत नव्हता. संसर्गानें होणारा रोग नोकर आणि रोगी असा भेद कशाला करील? मिसिसिपींतील एका अनाथालयांत तर सहा ते बारा वर्षांचींच मुलें प्रामुख्यानें आजारी होतीं. सहा वर्षांखालच्यांना दूध मिळे. बारा वर्षांवरील मुलें काम करीत, म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या मुलांच्या वांट्याला मक्याचें पीठ व काकवी एवढेंच काय तें येई. दूध, अंडीं, मांस व घेवड्यासारखीं कडधान्यें यांची भर घालतांच रोग हटला.

उलट बाजूनेंही त्यांनीं पडताळा पाहिला. १९१५ सालीं मिसिसिपींतील रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ करण्याचें वचन घेऊन पुढें आलेल्या अकरा निरोगी कैद्यांना मका, मैदा, पॉलिशचा तांदूळ, साखर, काकवी, रताळीं आणि थोडी भाजी अशा आहारावर ठेवण्यांत आलें. सहा महिन्यांच्या आंत सहा जणांत पेलाग्रा प्रगट झाला. तरीही शंका उरलीच. तेव्हां १९१६ मध्यें गोल्डबर्गर यांनीं रोग्यांचें रक्त टोंचून घेतलें. त्यांच्या कातडीचे पापुद्रे व मळ गोळ्यांतून स्वतः गिळले, सहकाऱ्यांनींही तसेंच केलें. त्यांच्या पत्नी मेरी यांनीं रक्ताचें इंजेक्शन घेतलें. कोणासही रोग झाला नाहीं.

मग उत्तर सोपें होतें: लोकांनीं चांगलें खावें! पण लोक तसें कां खात नाहींत, हा प्रश्न गोल्डबर्गर यांनीं सोडला नाहीं. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञास बरोबर घेऊन १९१६ पासून त्यांनीं दक्षिण कॅरोलिनांतील सात गिरणी-गांवांची घरोघर पाहणी केली. कुटुंबाचें उत्पन्न जितकें कमी, तितका पेलाग्रा अधिक, हें आंकड्यांवरून स्वच्छ दिसलें. पण उत्पन्नानेंही सर्व उलगडा होत नव्हता. पगार सारखाच असूनही एका गांवांत रोग बळावला, तर दुसऱ्यांत तो मुळींच नव्हता. कारण दुसऱ्या गांवीं ताजें मांस विकणारें दुकान व आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला बारमाही मिळे. पहिल्याच्या सभोंवार नुसता कापूस पसरलेला. ज्यांच्या दारीं दुभती गाय होती, तीं कुटुंबें बहुधा निभावून गेलीं. पण अर्धेलीनें जमीन कसणाऱ्यास जमीनमालक व सावकार दारापर्यंत कापूस लावावयास सांगत. भाजीच्या वाफ्याला जागाच कोठें राहावी? पीक हातीं येईपर्यंत मालकाच्याच दुकानांतून उधारीवर जें मिळे, तें म्हणजे मक्याचें पीठ, काकवी व डुकराची चरबी. तेंच जेवण.

या पाहणींत आणखी एक गोष्ट आढळली. प्रौढांत हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांना कितीतरी अधिक होई, आणि तोही ऐन संसाराच्या वयांत. घरांत जें थोडें मांस वा दूध येई, तें कामावर जाणाऱ्या नवऱ्याला व मुलांना वाढून झाल्यावर गृहिणीच्या वांट्याला मक्याची भाकर उरे. कोणी तिला बळजबरी केली नव्हती. ती आपण होऊनच मागें राही. या वर्तनाला निवड म्हणावें कीं परिस्थिति, हें सांगणें कठीण आहे.

१९२० सालीं कापसाचे भाव कोसळले. पेलाग्रा आणखी वाढणार, असा इशारा गोल्डबर्गर यांनीं दिला, आणि १९२१ मध्यें अध्यक्ष हार्डिंग यांनीं मदतीची भाषा केली. तेव्हां दक्षिणेंतील अनेक पुढाऱ्यांना तो आपल्या प्रांताचा अपमान वाटला. भूक कबूल करण्यापेक्षां रोगाचें नांव झांकणें त्यांना सोपें गेलें. गोल्डबर्गर यांनीं मात्र स्वस्त उपाय शोधण्याचें सोडलें नाहीं. दारू गाळण्यासाठीं लागणारें यीस्ट वाळवून दिल्यास रोग टळतो, हें त्यांनीं दाखविलें व १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर तें हजारों घरांत पोंचलें. १९२९ सालीं ते वारले. रोगाचें नेमकें मूळ म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव, हें १९३७ मध्यें कॉनरॅड एल्व्हेजम यांच्या संशोधनानें ठरलें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत पिठांत तें द्रव्य मिसळण्याची व्यवस्था झाली, युद्धकाळांत मजुरी सुधारली आणि पेलाग्रा जवळजवळ नाहींसा झाला. यांत रोग्याला उपदेश करून झालें असें फारच थोडें होतें.

ही कथा आपल्या दख्खनलाही अगदींच परकी नाहीं. १९६० सालीं हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेंतील डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा होतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळीची आमटी, पिठलें, ताक असलें, तर ती उत्तम अन्न आहे. मग दोष ज्वारीचा कसा? भाकरीबरोबर दुसरें कांहींच नसावें, येथेंच दोष आहे. म्हणून रोग्याला काय खातोस असें विचारणाऱ्यानें, दुकानांत काय मिळतें, शेतांत काय लावूं देतात आणि घरांत शेवटीं कोण जेवतें, हेंही विचारावें. गोल्डबर्गर यांनीं विचारलें, आणि म्हणूनच त्यांना उत्तर सांपडलें.