मुल्कोवालची बाटली

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघड झाला आणि ऑक्टोबरात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन शहरात दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सोसणाऱ्या लोकांना या सुईचाही धसका बसला. तो निव्वळ अडाणीपणा ठरवणे अन्यायाचे आहे. जे सरकार घरात घुसून माणसे उचलून नेते, त्याच्या हातची लस कोण सुखासुखी घेईल?

मग पंजाबात घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दगावलेल्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन.

ठपका लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला. लशीत कार्बोलिक अ‍ॅसिड घालणे थांबवून हाफकिन उष्णतेने निर्जंतुकीकरण करू लागले होते. चौकशी आयोगाने नेमके त्यावरच बोट ठेवले. हाफकिन यांचे पद गेले आणि त्यांनी भारत सोडला. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब मात्र बाजूला राहिली.

१९०७ मध्ये मलेरिया संशोधनाचे नोबेल मानकरी रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू जाहीरपणे लढवली. त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्याकडे आली नाही. तिला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.