आठवड्याला एकदा जामखेडला

आपल्या पाटोद्याहून निघालं, सौताडा ओलांडला की जामखेड येतं. तिथं जिल्हा बदलतो, नगरचा म्हणजे आताचा अहिल्यानगर लागतो. पण माती तीच, दुष्काळ तोच. या जामखेडात १९७० साली एक डॉक्टर नवरा-बायको राहायला आले, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं पस्तिशीच्या आसपासचे. आज त्यांची गोष्ट सांगते. पण सुरुवात त्यांच्याही आधीपासून करावी लागेल.

दक्षिणेत तिंडिवनमला एका मिशनरी डॉक्टरांच्या घरी आयडा स्कडर नावाची तरुण मुलगी होती. एका रात्री तिच्या दारात एकामागून एक तीन माणसं आली. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. वडील यायला तयार होते, पण परपुरुषाचा हात नको म्हणून ती माणसं परत गेली. आयडा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. मग ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली आणि १९१८ साली तिनं वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. पुढं तिथं मुलगेही शिकू लागले. आरोळे दांपत्य तिथलंच. १९६० साली लग्न करताना दोघांनी देवापुढं शपथ घेतली, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं.

पुढं शिकायला ते अमेरिकेत गेले. तिथं त्यांना डॉ. कार्ल टेलर हे गुरू मिळाले. तेही मिशनरी डॉक्टरांच्या घरातले, हिंदुस्थानातच वाढलेले. म्हणजे बघा, एकाचा हात धरून दुसरा असं हे चालत आलेलं.

जामखेडला आल्यावर त्यांनी आधी गावोगाव शिकलेल्या नर्सबाई पाठवल्या. जमलं नाही. परक्या पोरीचं गाव ऐकेना, आणि एकटीनं गावात राहणं तिलाही अवघड. मग ठरलं, गावातलीच बाई शिकवायची. निवडलेल्यांपैकी बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. काही दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. डॉक्टर म्हणून शिकलेल्या मेबलबाई त्यांना बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, पोराचं वजन हे सगळं शिकवायला बसल्या.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी, की हे शिकवणं एकदाच झालं नाही. बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या. मागच्या आठवड्यात काय केलं, कुठं चुकलं, सासूनं काय ऐकवलं, हे सगळं सांगायच्या. एकीची अडचण दुसरी सोडवायची. सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या. सुरुवातीला कुणाच्या घशाखाली घास उतरत नसेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आठवड्याला एकदा, वर्षानुवर्षं बसलं की ताट काय आणि शंका काय, सरावाची होतात. पुढं जुन्या बायकाच नव्या बायकांना शिकवू लागल्या.

लोकांना शंका होतीच, की हे ख्रिस्ती लोक आपल्याला बाटवतील का? पण कामासाठी धर्म बदलायची अट नव्हती. आपला धर्म पाळतच बायका आरोग्यसेविका झाल्या. आरोळ्यांची श्रद्धा दिसायची ती कामातून. ७२च्या दुष्काळानंतर बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जागा दलित वस्तीत काढून घेतल्या. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथं यायचं.

प्रकल्पाच्या नोंदीत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा खूप खाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ ही त्यांची आरोग्यसेविका अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलली. छतावरच्या झुंबराकडं बोट करून म्हणाली, की डॉक्टर असे. आम्ही पणत्या, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम चालू आहे.

आता माझं सांगते. मी बचत गटांची समन्वयक. प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा, फोटो, प्रमाणपत्र आणि चहा, हेच मी सात-आठ वर्षं करत आले. दसरा झाला की निम्म्या तरुण पोरी ऊसतोडीला जातात आणि गटाची वही परत त्याच एका ताईच्या कपाटात. परत आल्यावर पोरी म्हणतात, "आम्हाला काय येतंय?" आणि मीही मान हलवायचे.

यंदा आषाढापासून एका गटात दर मंगळवारी बसतोय. दोन सुना वही लिहितात, जुनी ताई शेजारी बसते. पहिल्याच मंगळवारी व्याजाची बेरीज चुकली, तेव्हा मी लगेच पेन हिसकावून घेतला. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी तो परत दिला. बेरीज जुळायला पाऊण तास लागला.