अम्मीपर्यंत न पोचलेला योग

माझी अम्मी पंचेचाळिशीच्या पुढे गेली, तेव्हाची गोष्ट. रात्री मध्येच उठून ती ओसरीवर येऊन बसायची आणि पदराने वारा घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, अंगातून वाफा निघतात." 'रजोनिवृत्ती' हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नाही. "पाळी गेली, सुटले," एवढंच बायका आपापसात बोलत.

पण इतिहास पाहिला की चुटपूट लागते. तालमी-आखाडे पुरुषांचे होते, त्या काळात, १९१८ साली, योगेंद्रजींनी मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था सुरू केली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. तेव्हा अम्मीचा जन्मही झाला नव्हता!

१९३७ साली बी. के. एस. अय्यंगार योग शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. त्यांची कन्या गीताताई १९४४ सालच्या, म्हणजे अम्मीच्याच पिढीतल्या. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने त्या बेजार होत्या. योगाने त्यांना उभं केलं. १९८३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात पहिल्या पाळीपासून रजोनिवृत्तीपर्यंतचा विचार आहे. बाईचं शरीर आयुष्यभर एकसारखं नसतं, मग आसनंही तीच कशी चालतील? असा त्यांचा रोख होता. २०१८ साली त्या गेल्या.

या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. त्यासाठी भरभर चालावं, जिने चढावेत, झेपेल तेवढं वजन उचलावं. आसनांनी तोल आणि लवचिकपणा राहतो. संथ श्वसनाने मन निवतं, अनेकींना झोपही बरी लागते. अंगातल्या वाफा मात्र योगाने हमखास थांबतील, असं नाही. त्रास फार असेल तर औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी लगेच दवाखाना गाठावा.

आज मीही त्याच वयात आहे. पहाटे सतरंजी अंथरते. "चहा कधी?" अशी आतून हाक येते. "अर्ध्या तासाने," मी सांगते. अम्मीला हे कधी म्हणता आलं नाही. तुमच्या घरात कुणी रात्री एकटीच ओसरीवर बसत असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. तिला विचारा.