न दुखणारा पाय

आजचा विषय पायाच्या दुखण्यांचा आहे, आणि मी सुरुवात न दुखणाऱ्या पायापासून करणार आहे.

पायाच्या तक्रारींसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, भोवरी, कुरूप, घट्टे, नखुरडं. भातलावणी केलेल्या बाईला चिखल्या म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ही सगळी दुखणी स्वतःची जाहिरात करतात बघा. टोचतात, आग होते, माणूस लंगडतो, आणि लंगडला की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘काय झालं पायाला?’ बधिर पायाला हे कुणी विचारत नाही, कारण तो लंगडतच नाही. त्या पायाचं शास्त्र आपल्याच देशात, कुष्ठरोग्यांच्या पायांवरून घडलं.

महारोगात बोटं ‘झडतात’, मांस आपोआप सडतं, ही समजूत फार जुनी. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत या रोगाचा जंतू पाहिला, तरी ती गेली नाही. आणि ती फक्त गावातल्या लोकांची होती असं समजू नका. तळव्याच्या न भरणाऱ्या जखमेला डॉक्टरही ‘ट्रॉफिक अल्सर’ म्हणत. म्हणजे नसा गेल्या, पोषण थांबलं, मांस नासलं. एकदा मांसच नासकं ठरवलं, की मग जखम का झाली हे विचारायचं कारणच उरत नाही.

पॉल ब्रँड हे अस्थिशल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले. माणूस इंग्रज, पण जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांमधला. चिंगलपेटला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन कुष्ठरोग्यांचं काम करत होते. ब्रँड तिथे गेले, रुग्णांचे आखडलेले हात पाहिले आणि त्यांना प्रश्न पडला की हाडांचे डॉक्टर या लोकांकडे बघत का नाहीत? पुढे त्यांनी हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, त्याची कीर्ती झाली. मला मात्र त्यांचं पायाचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यात नाट्य कमी आहे, म्हणून ते कमी सांगितलं जातं, एवढंच.

तळव्याच्या जखमेचा पाय प्लास्टरमध्ये बंद करायची पद्धत त्यांच्या आधीची. १९३० च्या दशकात भारतात जोसेफ खान आणि सिलोनमध्ये मिलरॉय पॉल ती वापरत होते. नीट बसवलेल्या प्लास्टरमुळे शरीराचा भार एका बिंदूवर न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. महिनोन् महिने वाहणारी जखम अशा प्लास्टरच्या आत भरून येते, आणि तीही रुग्ण चालत-फिरत असताना. आता मला सांगा, मांस जर मुळातच नासकं असेल, तर ते प्लास्टरच्या आत कसं काय भरून येतं? म्हणजे मांस चांगलं आहे. दोष आहे तो त्यावर रोज पडणाऱ्या भाराचा.

तुम्ही-आम्ही चार-पाच मैल चाललो तर काय करतो? एक जागा हुळहुळायला लागली की नकळत पाऊल जरा तिरकं टाकतो, भार दुसरीकडे देतो. बधिर पायाचा माणूस पहिलं पाऊल टाकतो तसंच शेवटचं टाकतो, त्याच जागेवर. चपलेतला खिळा, रुतलेला खडा, चुलीचा चटका, हे तर वेगळंच. पण काहीही न टोचता नुसत्या चालण्यानं जखम होते, हे कळायला वेळ लागला.

मग वेल्लोरमध्ये पादत्राणांचे प्रयोग सुरू झाले. लाकडी खडावा झाल्या, गोलसर तळाचे बूट झाले, आणि शेवटी बारीक हवेच्या बुडबुड्यांचं मऊ रबर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. ‘एमसीआर चप्पल’ हा शब्द आपल्याकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पाठ आहे. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात ती अजून वाटली जाते. एक अडचण मात्र होती, आणि ती वैद्यकीय नव्हती. चप्पल वेगळी दिसली की गावाला रोग कळतो. मग रुग्ण चप्पल घरात ठेवतो आणि अनवाणी बाहेर पडतो.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे ध्यानात आलं की मधुमेह्यांच्या तळव्यावरच्या जखमा हुबेहूब अशाच असतात. रोग वेगळा, पण बधिरता तीच. याच कार्व्हिलमध्ये बर्क आणि सिम्स यांनी १९८६ मध्ये दाखवलं की १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा ज्याला तळव्यावर जाणवतो, त्याला सहसा अशी जखम होत नाही. मधुमेहाच्या दवाखान्यात डॉक्टर डोळे मिटायला सांगून तळव्याला धागा टेकवतात ना, त्यामागची गोष्ट ही.

आज भारतात १० कोटी मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत आलंय. आणि ब्रिटन-अमेरिकेत असतो तसा पायाचा वेगळा डॉक्टर, पोडियाट्रिस्ट, आपल्याकडे मोठ्या शहरांतही सहज सापडत नाही. तेव्हा मधुमेहतज्ज्ञ, सर्जन, नाहीतर मोठ्या रुग्णालयातलं फूट क्लिनिक. साखर असेल तर तळवा रोज बघायचा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा घरच्यांना दाखवा. जखम, फोड, काळी पडलेली जागा दिसली तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी जा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेलं आहे आणि तरी फारसं दुखत नाही? तेही त्याच दिवशी, आणि तोवर त्या पायावर चालायचं नाही. आत हाडं ढासळत असू शकतात.

एक चिठ्ठी आली आहे: ‘कुरूप ब्लेडने कापलं तर चालेल का?’ साखर असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर ब्लेड नको आणि औषधाच्या दुकानातली कुरूपाची पट्टीही नको. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं, आणि बधिर पायाला ते कळत नाही. बाकीच्यांनी आधी चप्पल तपासावी, कारण ती बदलली नाही तर कुरूप पुन्हा येणार. पाय कोमट पाण्यात भिजवा आणि वज्रीने हलक्या हाताने घासा. रक्त येईपर्यंत नव्हे.